लायबेरिया आणि दुसरा हप्ता

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युद्धातून बाहेर पडलेल्या देशांवरचा लेख वाचला. त्यात पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियावर एकच परिच्छेद आहे, पण तेवढ्यात दोन गोष्टी अशा छापल्यात की राहवलं नाही. एक म्हणजे युद्धानंतर तिथं ८५ टक्के लोक बेकार होते, आणि दुसरी, परदेशी कंपन्या खाणीत न रबरात पैसे घालायला लागल्या की रोजगाराचं आपोआप मार्गी लागतं. मी तिथं २००८ ते २०११ काढलीयेत, येकेपाच्या खाणीपासून बुकॅनन बंदरापर्यंतची लोहखनिजाची जुनी रेल्वेलाइन दुरुस्त करणाऱ्या एका ठेकेदाराकडं स्टोअरकीपर होतो. कंपनीचं नाव राहू दे. फावडी, स्लीपर, बोल्ट, डिझेलचे ड्रम यांचा हिशोब ठेवणारा माणूस, अर्थशास्त्रातलं मला काही कळत नाही. पण गेटवर कोण येतं, काय मागतं आणि काय विकायला आणतं हे साहेबापेक्षा स्टोअरकीपरला जास्त दिसतं.

आधी ते ८५ टक्के. हा आकडा तिथं सगळ्यांच्या तोंडात असायचा, पुढारी बोलायचे, एनजीओवाले बोलायचे, आमचा साइट इंजिनियरसुद्धा दोन पेग झाले की बोलायचा, आणि कुणी मोजला कसा मोजला विचारलं की सगळे गप्प. मग २०१० मध्ये तिथल्या सरकारनं रीतसर लेबर फोर्स सर्व्हे केला आणि बेकारी निघाली ३.७ टक्के. तीन पूर्णांक सात! युरोपातल्या देशांनी लाजावं अशी. आता हसायचं का रडायचं. पण गणित साधंय, पगारपत्रकावर नाव असलं तरच काम धरायचं म्हटलं तर जवळपास अख्खा देश बेकार, आणि आठवड्यात तासभर जरी कमाईचं काही केलं तरी माणूस कामावर धरायचा (सर्व्हेची जगभरची रीत हीच आहे) म्हटलं तर बेकार कुणी उरतच नाही. कारण बेकार बसायला घरात दुसरं कुणीतरी कमावतं लागतं, आणि ते तिथं कुणाच्या घरात होतं? त्याच सर्व्हेत आणखी एक आकडा आहे, तो कुणी छापत नाही. काम करणाऱ्यांपैकी ७८ टक्क्यांच्या आसपास लोक स्वतःचं काहीतरी किडुकमिडुक करणारे, नाहीतर घरच्याच कामात बिनपगारी राबणारे. म्हणजे नोकऱ्या कधी येणार हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न असा की लोक दिवसभर राबतायत तरी त्यातून पोट का भरत नाही.

राजधानी मॉनरोव्हियाजवळ पेन्सव्हिलमध्ये रेड लाइट नावाचा मोठा बाजार होता. नाव ऐकून मी पहिल्यांदा जायलाच तयार नव्हतो, मग ड्रायव्हरनं सांगितलं की इथं एकेकाळी ट्रॅफिक सिग्नल होता म्हणून ते नाव, सिग्नल युद्धात गेला न नाव राहिलं. तिथं पोरं एकचाकी हातगाडीत चपला, टॉर्च, सेल, जुने कपडे घालून दिवसभर ढकलत फिरायची, बऱ्याच जणांची गाडीसुद्धा भाड्याची, आणि कसं काय चाललंय विचारलं की ठरलेलं उत्तर, "आय ट्रायिंग स्मॉल", म्हणजे थोडंफार धडपडतोय. बायका तर त्याहून पक्क्या. युद्ध चालू असतानाही बाजार भरवत राहिलेल्या या बायका, त्यांची सुसु चालायची, म्हणजे आपली भिशीच, रोजच्या रोज थोडे पैसे टाकायचे आणि पाळीपाळीनं उचलायचे. बँक त्यांच्या वाऱ्याला उभी राहायची नाही, त्यांचं भांडवल ते हेच. हे सगळे लोक तुमच्या लेखातल्या ८५ टक्क्यांत "बेकार" म्हणून मोजलेत बरं का.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८९ च्या डिसेंबरात बंडखोर चार्ल्स टेलर शेजारच्या आयव्हरी कोस्टच्या बाजूनं निंबा भागात घुसला तिथून यादवी युद्ध सुरू झालं, मध्ये दोनेक वर्षं थांबल्यासारखं झालं, परत पेटलं, आणि २००३ च्या ऑगस्टमध्ये घानाच्या राजधानीत, आक्र्याला, करार झाला तेव्हा संपलं. १९८७ ते १९९५ एवढ्या काळात देशाचं उत्पन्न ९० टक्क्यांच्या आसपास घसरलेलं, शंभरातले दहा उरले असं समजा. २००६ मध्ये एलन जॉन्सन सर्लीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या तेव्हा अख्ख्या सरकारचं वर्षाचं बजेट जेमतेम ८ कोटी डॉलर आणि डोक्यावर साडेचार अब्जांच्या वर कर्ज (ते २०१० मध्ये बहुतेक माफ झालं, हे त्या बाईंचं मोठंच काम). २००६ च्याच २६ जुलैला मॉनरोव्हियात रस्त्यावरचे काही दिवे लागले, पंधराएक वर्षांनी पहिल्यांदा. आमच्या ऑफिसातला तिथला क्लार्क सांगायचा की त्या रात्री लोक नुसते खांबाखाली जाऊन उभे राहिले होते.

आता मुद्द्याचं, बंदुका खाली ठेवलेल्या पोरांचं. युनोनं २००३ च्या डिसेंबरात नि:शस्त्रीकरण सुरू केलं, राजधानीबाहेरच्या कॅम्पवर हजारभर लोक येतील असा अंदाज, आले त्याच्या कितीतरी पट, पैसे लगेच पाहिजेत म्हणून दंगल, माणसं मेली, आणि सगळं बंद करून पुढच्या एप्रिलमध्ये परत सुरू करावं लागलं. हिशोब धरला होता ३८ हजार लढवय्यांचा, नावं नोंदली गेली १ लाख ३ हजारांच्या आसपास, आणि जमा झालेल्या बंदुका २८ हजारांच्या जवळपास. स्टोअरकीपरच्या नजरेनं बघा, १ लाखाच्या वर पावत्या आणि २८ हजार नग, आमच्याकडं असं झालं असतं तर माझी नोकरी गेली असती. त्यात फसवाफसवी होती तशी खरी अडचणही होती, नुसत्या १५० गोळ्या आणून दिल्या तरी चालायचं, त्यामुळं कमांडर लोक गोळ्या वाटून आपली माणसं आत घालायचे न नंतर पैशातला हिस्सा काढायचे. आणि स्वयंपाक करणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, जबरदस्तीनं नेलेल्या पोरी, त्यांच्याकडं कुठली आलीये बंदूक, मग त्यांना नाही म्हणायचं का? मिळायचे ३०० डॉलर, दीडशे-दीडशे करून दोन हप्त्यांत, आणि मग शाळा नाहीतर धंदेशिक्षण. सुतारकी, शिवणकाम, गवंडीकाम, गाडीदुरुस्ती असं.

हे धंदेशिक्षण मी गेटवर बघितलंय. २००९ च्या पावसाळ्यात एक पोरगा प्लास्टिकची निळी पेटी घेऊन आला, आत करवत, रंधा, दोन पटाशा, हातोडी, मापाची टेप, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं सुतारकीचं सर्टिफिकेट. विकायचंय म्हणाला. करवतीचे दात तसेच, तेल लावलेले, म्हणजे एक फळीसुद्धा कापलेली नाही. म्हटलं का रे विकतोस, तर म्हणे गावात वीस पोरं सुतार झालीत न घर बांधणारा एकही नाही. मी पेटी नाही घेतली पण करवत घेतली, ८ डॉलरला, थोडी दया आली म्हणून आणि थोडी स्टोअरला लागायचीच म्हणून. सर्टिफिकेट त्यानं परत पेटीत घातलं, ते काही विकत नव्हता.

मी त्या वेळी हसलो होतो, सगळेच हसायचे, ट्रेनिंगवाल्यांनी पैसे खाल्ले वगैरे. पण प्रकार तेवढा सोपा नाहीये. बॉन्ग आणि सिनो या भागात एका संस्थेनं हजारावर माजी लढवय्ये घेऊन शेतीचं शिक्षण दिलं, काही महिने राहून शिकायचं आणि मग बी, अवजारं, कोंबड्या-डुकरं असं भांडवल हप्त्याहप्त्यानं द्यायचं. क्रिस ब्लॅटमन आणि जिनी अ‍ॅनन या दोन संशोधकांनी त्याची नीट तपासणी केली, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काहींना संधी आणि काहींना नाही आणि मग दोघांची तुलना. ज्यांना मिळालं ते शेतीकडं वळले, कमाई थोडी वाढली, बेकायदा खाणी न लाकूडतोड असले उद्योग साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी झाले, पण सुटले नाहीत. इथपर्यंत काही विशेष नाही. तेवढ्यात २०१०-११ मध्ये शेजारी आयव्हरी कोस्टमध्ये लढाई पेटली आणि दोन्हीकडचे लोक सीमेपलीकडनं भाडोत्री बंदूकवाले गोळा करायला लागले. आता कोण जातं न कोण थांबतं? तर या कार्यक्रमातले भरतीवाल्यांच्या नादी कमी लागले, आणि त्यातसुद्धा सगळ्यात कमी कोण लागले माहितीये, ज्यांचा भांडवलाचा पुढचा हप्ता पुरवठ्याच्या घोळामुळं अडकला होता न ज्यांना सांगितलं होतं की थांबा, त्याच्याबदली पैसे मिळणार आहेत, ते!

मला हे वाचून (मी परत आल्यावर बऱ्याच वर्षांनी वाचलं) गेटवरची सगळी तोंडं आठवली. हातात मिळालेलं माणूस खातो, विकतो, हरवतो. अजून काही यायचं बाकी असेल तर त्याच्यासाठी घरी थांबतो. तीनशे डॉलर, नऊ महिन्यांचा कोर्स, एक पेटी न फोटो, एवढं झालं की फायलीत तो माणूस "पुनर्वसित" होतो, आणि त्याच्या बाजूनं बघितलं तर आता कुणाकडनंच काही यायचं उरलेलं नसतं. सगळ्या योजना तिथंच संपवतात, नेमक्या जिथं सुरू व्हायला पाहिजेत तिथं.

आता कंपन्यांचं. रबराचं घ्या. फायरस्टोन ही अमेरिकन टायर कंपनी तिथं १९२६ पासून आहे, तेव्हाचा करार दहा लाख एकरांचा, ९९ वर्षांचा, एकराला ६ सेंट भाड्यानं. हार्बेलचा त्यांचा मळा मी बघितलाय, झाडाला तिरकी खाच मारायची, खाली कप लावायचा, जमलेला चीक बादल्यांत ओतून खांद्यावरच्या काठीला दोन्ही बाजूंनी लटकवून चालत न्यायचा. जवळपास शतक झालं, माल बाहेर जातो आणि टायर दुसरीकडं होतात, तिथं टायरचा कारखाना काय आला नाही. नोकऱ्या आहेत, हजारोंनी आहेत, शाळा-दवाखाना पण आहे, मी नाही म्हणत नाही. पण बाहेर रबराचा भाव घसरला की इथं माणसं कमी होतात, २०१९ मध्ये आठशेच्या आसपास कमी करायचं ठरलं.

आणि आमची रेल्वे. १९६० च्या दशकातली लाइन, मित्तलच्या कंपनीनं २००५ मध्ये करार केला, सर्लीफ बाईंनी २००६ मध्ये तो परत उघडून सरकारच्या बाजूनं थोडा वळवून घेतला. आम्हाला ट्रॅकवर झाडोरा साफ करायला तीस माणसं पाहिजे होती, ही बातमी कुठनं कशी पसरली देव जाणे, सकाळी गेटवर हजारभर लोक, आणि पुढं एक टोपीवाला, त्याला सगळे "जनरल" म्हणायचे. तो म्हणाला तीस माणसं मी देतो, तुम्ही कटकट करू नका. आमच्या साहेबांनी घेतली. सोपं पडलं ना. मस्टर मी लिहायचो आणि पगाराच्या दिवशी ती तीस माणसं पैसे घेऊन सरळ त्या टोपीवाल्याकडं जायची न थोडे ठेवून यायची. म्हणजे जी साखळी युनोनं बंदुका घेऊन तोडली असं कागदावर होतं तीच आम्ही फावडी देऊन परत जोडली, आणि मी त्यावर सही करत होतो, हे आज लिहिताना बरं वाटत नाही. साहेबांना बोललो एकदा, ते म्हणाले स्टोअर बघा.

शिवाय बांधताना लागतात तेवढी माणसं चालवताना लागत नाहीत. रूळ नीट झाले, सप्टेंबर २०११ मध्ये बुकॅननहून खनिजाचं पहिलं जहाज गेलं, आणि तोपर्यंत आमच्याकडचे बहुतेक हात घरी गेले होते. पुढं २०१४ मध्ये इबोलाची साथ आली, तिथं पावणेपाच हजारांच्या आसपास माणसं गेली, लोखंडाचा भावही त्याच सुमारास कोसळला. कंपन्यांना करार मोडायला, माणसं कमी करायला कारण मिळालं. हातगाडीवाला मात्र बाजार उघडल्यावर परत ढकलायला लागला, त्याला कुणी काढू शकत नाही, हाच काय तो त्याचा फायदा.

मग खरं काम कुठं निर्माण झालं? माझ्या डोळ्यांसमोर झालं ते पेन-पेनमध्ये. मोटरसायकलची टॅक्सी, हॉर्नच्या आवाजावरनं नाव. रस्ते असे की पावसाळ्यात ट्रक तीन-तीन दिवस चिखलात, मॉनरोव्हियात वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्यावरनं काय ते समजा, तिथं दोन चाकंच जातात. गाडी दुसऱ्याची, संध्याकाळी मालकाला ठरलेले पैसे द्यायचे, वर उरतील ते आपले, आणि काही मालक अशी बोली करायचे की इतके महिने बिनचूक भरलेस तर गाडी तुझी. परत हप्ताच बघा! ती बोली असलेला पोरगा आणि नसलेला पोरगा गाडी चालवताना लांबून ओळखू यायचा, बोलीवाला खड्ड्यातनं हळू न्यायचा. यात माजी लढवय्ये भरपूर होते, कुठल्याही योजनेनं त्यांना हे शिकवलं नव्हतं. आणि सरकारनं काय केलं, २०१३ च्या नोव्हेंबरात राजधानीच्या मुख्य रस्त्यांवर पेन-पेनला बंदी. अपघात होत होते, चोऱ्याही होत होत्या, मान्य आहे, पण एकीकडं तरुणांना रोजगार म्हणून परदेशातनं पैसे आणायचे न दुसरीकडं त्यांनी स्वतः काढलेला रोजगार गल्लीत ढकलायचा, याला काय म्हणायचं.

विजेचंही तसंच. माउंट कॉफीचं जलविद्युत केंद्र १९९० मध्ये युद्धात बंद पडलं ते २०१६ च्या डिसेंबरात परत चालू झालं. सव्वीस वर्षं. मधल्या काळात ज्याला वीज मिळायची त्याला युनिटला ५० सेंटच्या वर पडायची, बाकी सगळे जनरेटरवर. वेल्डिंगवाला, सलूनवाला, बर्फ विकणारी बाई, यांच्या दिवसाच्या कमाईतली पहिली नोट डिझेलला. त्यात दोन चलनं, तांदळाचं पोतं अमेरिकन डॉलरच्या भावानं चढणार आणि यांची कमाई लायबेरियन डॉलरात, माझ्या वेळी एका अमेरिकन डॉलरला ६५-७० मिळायचे ते २०१९ पर्यंत २०० च्या घरात गेले. तांदूळ हा तिथं साधा विषय नाही, १९७९ मध्ये नुसत्या तांदळाच्या भाववाढीच्या प्रस्तावावरनं राजधानीत दंगल झाली न वर्षभरात सरकार उलथलं. भात खाल्ला नाही तर जेवलोच नाही म्हणणारी माणसं आहेत ती, मला त्यांच्याशी जुळवून घ्यायला एक दिवस पण लागला नाही.

जाता जाता एक, तुमच्या लेखात नाही म्हणून. २००७ पासून २०१६ पर्यंत मॉनरोव्हियात आपल्या सीआरपीएफच्या महिलांची तुकडी होती, युनोची पहिली सगळ्या महिलांची पोलीस तुकडी. बंदूक घेऊन रस्त्यावर उभी राहिलेली बाई तिथल्या पोरींनी आधी बघितली नव्हती असं नाही, युद्धात बघितली होती, पण पगार घेणारी, गणवेशातली न सुट्टीत घरी जाणारी बघितली नव्हती. हे मला आमच्या कँटीनमधल्या बाईनं सांगितलं, तिच्या पोरीला पोलिसात जायचं होतं.

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी लेखकांना एवढंच विचारा की योजना संपल्यावर दुसऱ्या वर्षी त्या माणसाकडं काय यायचं बाकी होतं. किती नोकऱ्या "निर्माण" झाल्या हा आकडा मी स्वतः रजिस्टरात लिहिलेला आहे, त्याच्यावर फार जाऊ नका.

करवतीचं सांगायचं राहिलं. २०११ च्या सुरुवातीला लाइनच्या कडेनं लोक परत राहायला यायला लागले, घरं बांधायला लागले, आणि तो पोरगा आला. करवत एक दिवसासाठी पाहिजे म्हणाला. दिली. संध्याकाळी परत आणली, दात बोथट झालेले. दुसऱ्या दिवशी परत न्यायला आला, असं आठवडाभर चाललं, शेवटी म्हटलं घेऊनच जा रे, तर फुकट नको म्हणाला, आठवड्याला एक डॉलर देईन, आठ आठवडे. वहीत नाव लिहायला लावलं त्यानं मला. मी सहाव्या आठवड्यानंतर निघालो, तेव्हा म्हणाला दोन राहिले, पाठवतो.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर